पिंपळगाव बसवंतहून सिंफनी पाठवताना : नवशिक्यांसाठी सूचना

सुरुवात जन्मतारखेपासून करा. टोकियोतल्या तोरू ताकेमित्सु रचना स्पर्धेत पस्तिशी ओलांडलेल्यांना प्रवेश नाही. बागेचं कर्ज फिटलं, बहिणीचं लग्न झालं की मग सिंफनीकडे बघू, असा बेत असेल तर तो आत्ताच मोडा. कर्ज लवकर फिटत नाही, आणि फिटेपर्यंत पस्तिशी उलटलेली असते. ही स्पर्धा 1997 पासून चालते. तिला पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली, आजवर कुठेही न वाजलेली रचना लागते. पिंपळगाव बसवंतला राहणाऱ्याकडून ही दुसरी अट आपोआप पाळली जाते. परीक्षक एकच, तोही नामवंत संगीतकार. पहिल्या वर्षी फ्रान्सचे आंरी द्युतियो होते, पुढच्या वर्षी लिगेती. समिती नाही, मतदान नाही. त्यामुळे कोणाचा साडू कुठल्या पॅनलवर आहे याचा तपास करण्यात दिवस घालवू नका.

यानंतर घरी सांगावं. वेळ निवडताना टोमॅटोचा भाव पाहावा. क्रेटला बरे पैसे सुटले त्या दिवशी, रात्रीची जेवणं झाल्यावर, साधारण असं बोलणं होतं :

“आबा, मी सिंफनी लिहितोय. ऐंशी वाजवणाऱ्यांसाठी.”

“कोणाच्या लग्नात?”

“लग्नात नाही. जपानला पाठवायचीय.”

“मग वाजवणार कोण?”

इथे चिडू नये. आबांनी नेमकं दुखणं ओळखलंय. कादंबरी लिहिली तर निदान बायकोला वाचून दाखवता येते. ऐंशी जणांची रचना लिहिणाऱ्याला ती स्वतःलाही ऐकता येत नाही. देशात व्यावसायिक म्हणावा असा पाश्चात्त्य वाद्यवृंद एकच, 2006 साली मुंबईत एनसीपीएमध्ये उभा राहिलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्यातलेही बरेच वादक कझाकस्तानातून येतात. पिंपळगावहून नरिमन पॉइंट दोनेकशे किलोमीटर. त्या सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने तासभर बसवायचं म्हटलं तर बागेचा सौदा करावा लागेल. म्हणून स्पर्धा. रोख रक्कम हा वरचा नफा. खरं बक्षीस हे, की अंतिम फेरीत पोचलेली रचना कोणीतरी वाजवतं आणि तुम्ही ती ऐकता.

आता लिपी. भातखंडे आणि पलुस्कर यांनी स्वरलेखनाच्या दोन पद्धती करून ठेवल्या आहेत. पलुस्करांचा तर नाशिकला आश्रम होता. पण त्यांच्या पद्धती एका गळ्याच्या सोयीच्या. एकाच क्षणी बासऱ्या काय करताहेत, व्हायोलिनं कुठे आहेत आणि ट्यूबावाला गप्प का बसलाय, हे एकाखाली एक मांडायला पाच रेघांचीच लिपी लागते. ती इंटरनेटवरून शिकता येते. एक गाठ मात्र गावातल्या बँडवाल्याकडेच सुटते. त्याच्या हातातलं क्लॅरिनेट काळी पाचचं. कागदावर पांढरी एक लिहिली की त्यातून काळी पाच निघते. फ्रेंच हॉर्नला तीच पांढरी एक लिहा, पांढरी चार ऐकू येईल, तीही खालची. म्हणजे सगळ्यांचा सा एक यायचा असेल तर क्लॅरिनेटला एक सूर चढवून लिहायचं, हॉर्नला पंचमापर्यंत चढवून, आणि व्हायोलिनला जसंच्या तसं. हे डोक्यात शिरेपर्यंत बँडवाल्याला चहा पाजत राहा. लगीनसराईत जाऊ नका. तेव्हा तो सकाळी ओझरला आणि संध्याकाळी चांदवडला असतो.

संगणकासाठी म्यूझस्कोर फुकट मिळतं. (फिनाले शिकायच्या भानगडीत पडू नका, 2024 मध्ये कंपनीनेच त्याचा कारभार गुंडाळला.) म्यूझस्कोर तुम्ही लिहिलेलं वाजवूनही दाखवतं, आणि घात तिथेच होतो. त्यातला ट्रम्पेटवाला श्वास घेत नाही, त्याचे ओठ थकत नाहीत. बासरीच्या खालच्या सुरांवर तीन ट्रॉम्बोन सोडले तरी आवाजाची कळ फिरवून बासरी पुढे आणता येते. टोकियोत ती कळ नाही. बँडवाल्याला विचारा, टिपेला सलग किती मिनिटं वाजवशील? त्याचं उत्तर निम्मं करा आणि तेवढंच लिहा.

परीक्षक वह्या कशा बघत असतील हे कळायला पिंपळगावसारखी जागा नाही. सकाळी बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभे राहा. ट्रॅक्टरांची रांग, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीकडून दुसरीकडे सरकतोय. एकजण वरचे दोन कांदे उचलतो, पत्ती बघतो, अंगठ्याने मान दाबतो, बोली सुटते. मिनिटभरात चार महिन्यांचा हिशेब. ढीगभर वह्यांसमोर बसलेला माणूस फार वेगळं काही करू शकेल असं मला वाटत नाही. तेव्हा पहिली दोन पानं निवडून लावा : रेघा स्वच्छ, सूचना नेमक्या, कोणाला कधी सूर लांबवायचा ते स्पष्ट. मात्र नुसता वरचा थर लावून भागत नाही. ट्रॉली खळ्यावर रिकामी होताना तळाला चिंगळी निघाली की व्यापारी वांधा काढतो. कांद्याला निदान वांधा समिती आहे. स्पर्धेत परीक्षकाचा शब्द शेवटचा, आणि नकाराचं कारण विचारायला खिडकी नाही.

बऱ्याच स्पर्धांत वहीवर खरं नाव चालत नाही, टोपणनाव द्यावं लागतं. ‘बसवंत’ घेऊ नका. परीक्षकाला पत्ता लागणार नाही, पण तालुक्याला लागेल.

परीक्षकाची आवड ओळखून लिहावं का? 1928 मध्ये शुबर्टच्या स्मृतिशताब्दीनिमित्त कोलंबिया ग्रामोफोन कंपनीने दहा हजार डॉलरची स्पर्धा लावली. आधी म्हणाले, शुबर्टची अपुरी सिंफनी पुरी करा. त्यावर ओरड झाली, तेव्हा म्हणाले, बरं, नवीन लिहा. स्वीडनच्या कुर्ट आटरबेरीने आपल्या सहाव्या सिंफनीवर पैसे उचलले. पुढे शंका घेतली गेली की त्याने परीक्षकांच्याच आवडीनिवडी हेरून ती लिहिली होती. ती रचना आजही ‘डॉलर सिंफनी’ म्हणून ओळखली जाते. तुम्हाला हे चालणार असेल तर माझी हरकत नाही.

उलटं उदाहरण घरचंच आहे. ‘वंदे मातरम्’ वाद्यवृंदावर आणि लष्करी बँडवर नीट बसत नाही, असा आक्षेप स्वातंत्र्यानंतर दिल्लीत घेतला जात होता. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, आळंदीत जन्मलेले, इरेला पेटले. त्यांनी झिंझोटीत चाल बांधली, बँडवर वाजेल अशी तिची मांडणी करून घेतली आणि दिल्लीत जाऊन ऐकवली. पण ‘जन गण मन’ 1947 मध्येच न्यूयॉर्कला वाद्यवृंदावर वाजून वाहवा मिळवून बसलं होतं. नेहरूंनी ऑगस्ट 1948 मध्ये संविधान सभेत त्याचा दाखलाही दिला. 24 जानेवारी 1950 ला निकाल लागला : राष्ट्रगीत ‘जन गण मन’, आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान. गाण्याला मान मिळाला. मास्तरांची चाल मात्र बँडपर्यंत पोचूनही बाजूला राहिली. वाजवता येतं हे सिद्ध केलं म्हणजे वाजवतीलच असं नाही, एवढं वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

नाशिक ढोल घालायचा मोह प्रत्येकाला होतो. आवरा. स्पर्धेच्या नियमांत वाद्यांची यादी असते, त्याबाहेरचं चालत नाही. झाकिर हुसेन यांच्या ‘पेशकार’मध्ये तबला होता खरा, 2015 मध्ये मुंबईत वर सांगितलेल्या वाद्यवृंदाबरोबर; पण तो वाजवायला स्वतः झाकिर हुसेन होते. तुमचा ढोल टोकियोत कोण बडवणार? बास ड्रमला टिपरीने वाजवायची सूचना लिहा आणि पुढे सरका.

ज्यांना परीक्षकच नको त्यांनी अँथनी गोन्साल्विस यांचा रस्ता बघावा. गाण्यातला नव्हे, खरा. माजोर्डा गावचा गोवेकर, मुंबईच्या सिनेसृष्टीतला व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचा गुरू. या माणसाने 1958 मध्ये सिनेमाचेच वादक जमवून इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर बांधलेल्या आपल्या रचना सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात वाजवून घेतल्या, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो वाद्यवृंद टिकला नाही. पण त्यांनी स्वतःचं संगीत स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि तेही फॉर्म न भरता.

इतकं करून निवड झालीच, तर पासपोर्टआधी प्रत्येक वादकाच्या सुट्या पानांचं बघा. सगळं एकत्र दिसणारी मोठी वही फक्त वाद्यवृंद चालवणाऱ्यासमोर असते. दुसऱ्या बसूनवाल्याला त्याचंच पान हवं, आणि त्याला पान उलटायला हात मोकळा मिळेल अशा जागी विश्रांती हवी. तालमी मोजक्याच होतात. पहिलीला खुर्चीत शांत बसा, काहीही सुचवू नका, मध्येच उठून कोणाच्या पाया पडू नका. आणि खिशातून मोबाईल काढू नका. वादकांच्या हक्कांचा प्रश्न असतो, रेकॉर्डिंगला बंदी. आबांना ऐकवायला हवं असेल तर परवानगीचा अर्ज वेगळा. तो आदल्या आठवड्यातच भरून ठेवावा.