ठरवून सहज

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी या गावाला नाव एका प्रवासवर्णनकार बाईंनी दिलं. आपल्याकडे प्रवासवर्णनकार गावांना नावं ठेवतात, त्या मानाने हे बरंच म्हणायचं. न्यूयॉर्कच्या लेखिका एलिझाबेथ एलेट 1852 च्या उन्हाळ्यात मिनेसोटात हिंडल्या. इथलं हिरवंगार माळरान बघून त्यांना थेट ईडनची बाग आठवली आणि पुढच्या वर्षी त्यांचं 'समर रॅम्बल्स इन द वेस्ट' हे पुस्तकही आलं. पुस्तकाच्या नावात 'समर' आहे हे ध्यानात घ्या. बाई जानेवारीत आल्या असत्या तर गावाला जे नाव पडलं असतं ते नकाशावर छापता आलं नसतं. या ईडनमधून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव मात्र परगेटरी क्रीक. स्वर्ग आणि त्याआधीचं पापक्षालन, दोन्ही सोयी एकाच नगरपालिकेत.

आमची मुलगी इथे राहते. मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येला, चौसष्ट हजारांच्या आसपास वस्ती. 2010 मध्ये 'मनी' मासिकाने राहायला उत्तम अशा छोट्या शहरांत या गावाला देशात पहिला नंबर दिला होता. तेव्हापासून गाव पहिल्या बाकावरच्या मुलासारखं वागत असावं. गवत एका उंचीचं, भोंगा कोणी वाजवत नाही आणि पदपथावर चालायला पदपथाशिवाय कोणी नाही.

"शनिवारी सहज बाहेर पडू गं आई," असं मुलगी मंगळवारी म्हणाली. बुधवारी जावयाने ते फोनच्या कॅलेंडरात टाकलं. गुरुवारी हवामान बघितलं, शुक्रवारी पुन्हा बघितलं. शनिवारी डिकीत घडीच्या खुर्च्या, डासांचा फवारा, उन्हाचं मलम, ओल्या रुमालांची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि जूनचा महिना असूनही माणशी एक स्वेटर. आमच्या आजेसासूबाई काशीला निघाल्या तेव्हा याहून कमी सामान होतं, आणि त्यांचा परत यायचा बेत नव्हता.

आधी स्टेअरिंग लेक. तळं सुरेख आहे, भोवती चालायची वाट आहे, उन्हाळ्यात संध्याकाळी उघड्या रंगमंचावर फुकट गाणी असतात. पण आमच्या ह्यांना तळं बघायचं नव्हतं, तळ्याला ह्यांच्या मागे उभं करायचं होतं. फोटोत मागे अमेरिका दिसली पाहिजे हा ह्यांचा नियम. ईडन प्रेरीत अडचण अशी की मागे गवत, पाणी, झाड आणि कॅनडा जातीची बदकं एवढंच दिसतं. बदकांनी वाटेवर जे मागे सोडलेलं असतं ते फोटोत येऊ नये म्हणून आम्हाला गुडघ्यापासून वरच काढलं. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेल्यावर नणंदबाईंनी विचारलं, "खडकवासला का?" तेव्हापासून हे मोटारींच्या पार्किंगमध्येच फोटो काढतात. एवढी मोकळी पार्किंगची जागा खडकवासल्याला नाही, हे पुण्यात कोणालाही पटतं.

वाटेत कॉफी घेतली ती 1877 सालच्या एका घरात. गावाने ते जतन केलंय आणि लोक तिथे आवाज खाली आणून बोलतात. ह्यांनी भिंतीवर बोट वाजवून बघितलं आणि "आपल्या वाड्याचा संडास याहून जुना आहे" असं मराठीत सांगितलं. कॉफी चांगली होती.

मग मुख्य कार्यक्रम, फूड ट्रक. त्यासाठी आम्हाला नेलं एका बिअर बनवणाऱ्याच्या आवारात. सासू-सासऱ्यांना घेऊन जावई बिअरच्या अड्ड्यावर जातो, हे नारायण पेठेत कळलं तर काय, असं माझ्या मनात आलं. पण आत बघते तर पाळण्यातली बाळं, कुत्री, पत्ते खेळणाऱ्या आज्या. 2011 मध्ये मिनेसोटाने कायदा बदलला. पाठपुरावा करणाऱ्या सर्ली या कारखान्यावरून त्याला 'सर्ली बिल' म्हणतात. त्यामुळे बिअर बनवणाऱ्याला आपल्याच आवारात ग्लास भरून विकता येऊ लागला. पुष्कळांकडे स्वयंपाकघर नसतं, म्हणून दारात ट्रक. पिणं आत, रांधणं बाहेर.

ट्रकमधल्या मुलाने विचारलं, ऑर्डर कोणाच्या नावाने? नातू पटकन म्हणाला, "आजी." मग ट्रकमधल्या मुलाने पैसे भरायचा पडदा आमच्याकडे वळवला. अठरा टक्के, वीस टक्के, पंचवीस टक्के बक्षिसी. पडदा वळवला की ही मुलं आभाळाकडे बघतात. इतक्या लाजाळूपणे मागणाऱ्याला नाही म्हणणं कठीण. ह्यांनी वीस टक्क्यांचे मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्चीत जाऊन बसले.

"एजे! एजे!" अशी हाक आली. मी उठले. माझ्याबरोबर एक धिप्पाड, दाढीवाला गृहस्थही उठला. तोही एजे होता. मिनेसोटाची माणसं अतिनम्र. तो म्हणाला तुम्ही घ्या, मी म्हटलं छे, तुम्ही घ्या. तेवढ्यात पदार्थ निवला. पदार्थ म्हणजे चीज कर्ड्स. चीज घडत असताना मध्येच उचललेले गोळे, पिठात बुडवून तळलेले. म्हणजे भजीच, पण ओवा नाही, लसूण नाही, मिरचीने कधी तोंडही पाहिलेलं नाही. चवीला मीठ आणि सदिच्छा. तरीही सगळी संपली, हे कबूल केलं पाहिजे.

जावयाने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. मिनेसोटात अशा खाण्याच्या गाडीने एका जागी वर्षात 21 दिवसांहून जास्त उभं राहायचं तर वेगळी परवानगी लागते. म्हणजे आज इथे, उद्या शेजारच्या गावात. कुठे आहे ते फोनवर बघायचं आणि मोटार काढून तिच्या मागे जायचं. आपल्याकडे चाकं असलेली गाडी तीन पिढ्या एका कोपऱ्यावरून हलत नाही, वर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावते. आमचा वडापाववाला कधी हुडकावा लागला नाही. उलट त्याला चुकवून घरी जाणं हेच कौशल्याचं काम. ईडन प्रेरीत भूक लागून कोणी गाडीवर जात नाही. गाडी येणार म्हणून भूक राखून ठेवतात.

तुम्ही जाणार असाल तर जून ते सप्टेंबरमध्ये जा. खुर्च्या मुलांकडे असतातच. जानेवारीत गाड्या तळ्याकाठी नसतात, गोठलेल्या तळ्यांवर असतात, पण त्यांत कोणी काही तळत नसतं. मालक बर्फाला भोक पाडून मासे धरायला आलेला असतो.