उतरायची तयारी

१९९७ साली जुहूला, एसएनडीटी विद्यापीठात मला गृहविज्ञानाला प्रवेश मिळाला, तेव्हा सांगलीत आमच्या घरी पहिला शेरा आत्याने मारला. "गृहविज्ञान शिकायला गृह सोडून जायचं?" आईचं दुःख वेगळं होतं. जे ती इतकी वर्षं फुकट शिकवत होती आणि मी शिकत नव्हते, ते मी आता फी भरून शिकणार होते.

आजी मात्र खूश होती. 'अण्णांचं विद्यापीठ' एवढं तिला पुरे होतं. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात पाच विद्यार्थिनी घेऊन ते सुरू केलं, हे ती घरच्या लग्नाच्या थाटात सांगे. पण तिची लाडकी गोष्ट त्याहून जुनी. हेच कर्वे पोरवयात कोकणातल्या मुरुडहून परीक्षेसाठी चालत साताऱ्याला गेले आणि 'फार लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही! आजीने त्या गोष्टीचं तात्पर्य कधी सांगितलं नाही. बाबांनी ते स्वतःच काढलं आणि माझ्या जन्मदाखल्याच्या सहा साक्षांकित प्रती करून घेतल्या.

मग ट्रंक भरणं सुरू झालं. पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव. आत गोधडी, पितळी तांब्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि पाच किलो भडंग. शेजारच्या काकूंनी भडंगाचा आणखी एक डबा आणून दिला. जुहू म्हणजे अमिताभ बच्चनचं गाव, एवढी त्यांची माहिती पक्की होती. "दिसला तर त्याला दे, नाही दिसला तर तू खा."

सल्ल्यांचं खातं काकांकडे होतं. १९७१ साली ते तीन महिने गिरगावात राहून आले होते आणि त्या भांडवलावर गेली सव्वीस वर्षं आमच्या गल्लीत मुंबईचे तज्ज्ञ होते. पैसे तीन ठिकाणी ठेवायचे. गाडीत झोपायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, "अनोळखी माणसाने कुठे चाललीस विचारलं तर अजिबात सांगायचं नाही." हा नियम त्यांनी माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला.

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी दादर, तिथून लोकलने सांताक्रूझ. स्टेशनबाहेर बसच्या कपाळावर देवनागरीत २३१ दिसताच बाबांचा जीव भांड्यात पडला. "आकडे आपलेच आहेत," ते म्हणाले. ट्रंक वर चढवताना कंडक्टर जे बोलला, तेही आपल्याच भाषेत होतं.

घरच्यांनी सगळ्यांचा विचार केला होता. चोरांचा, भुकेचा, सिनेमावाल्यांचा. फक्त समुद्राचा कोणी केला नव्हता. जून सरता सरता भडंग इतकं सादळलं की मूठभर उचललं तर डब्यातलं सगळं वर यायचं. जुलैत ट्रंकेच्या बिजागऱ्या गंजल्या. ऑगस्टमध्ये कुलूप अडकलं. एरंडेल तेल घालून ते उघडलं, तर आत जन्मदाखल्याच्या सहा प्रतींचा एकच जाड दाखला झाला होता. तोवर तो कोणी मागितलाही नव्हता. 'पदार्थ साठवण्याच्या पद्धती' आम्हाला वर्गात शिकवल्या, पण तेव्हा माझ्याकडे साठवण्यासारखा पदार्थच उरला नव्हता.

खरी परीक्षा झाली ती संध्याकाळच्या लोकलमध्ये. विद्यापीठाच्या चर्चगेटच्या कचेरीत काम होतं, ते आटोपून मी बोरिवली स्लोमध्ये चढले. पैसे तीन ठिकाणी होते, झोपही येत नव्हती. वांद्रे गेलं आणि मागून एका बाईंनी विचारलं, "खारला उतरणार?" मी ओठ घट्ट मिटले. दुसरीने विचारलं, "सांताक्रूझ?" मी खिडकीकडे पाहिलं. तिसरीने हिंदीत विचारलं. एवढ्या बायकांना माझ्या मुक्कामाची चौकशी कशाला हवी? काका किती द्रष्टे होते, या विचाराने मला भरून आलं.

न सांगणारी बाई लांब जाणारी, असं धरून त्या सगळ्या माझ्या पुढे सरकल्या. दाराशी त्यांची एक रांग लागली होती, हे मला सांताक्रूझ आल्यावर कळलं. मी "उतरायचंय!" म्हणेपर्यंत चढणाऱ्यांनी मला परत आत लोटलं होतं. पार्ल्यालाही तेच. अंधेरीला मी उतरले नाही. गर्दीने मला उतरवलं. मागून आवाज आला, "अगं, विचारत होते तेव्हा तोंड नव्हतं का तुला?"

मुंबईत कुठे जाणार हे विचारतात ते आपल्याला लुटायला नव्हे, आपली जागा ठरवायला, हे काकांना तीन महिन्यांत कळलं नव्हतं. मला एका फेरीत कळलं. त्यानंतर कोणी विचारायच्या आत मीच विचारू लागले.

यंदा भाची मुंबईला शिकायला निघाली आहे. घरात पुन्हा यादी सुरू आहे, दाखल्यांच्या प्रती निघताहेत. माझा सल्ला मागितला, तेव्हा मी दोनच गोष्टी सांगितल्या: एक स्टेशन आधी उठून उभी राहा आणि कोणी विचारलं तर खरं सांग.

भडंग मात्र मी दिलंच. यंदा घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि फक्त अर्धा किलो.