मुंग्या आल्या म्हणे!

अहो, ऐकलंत का? हळू बोलते, खिडकी उघडी आहे त्यांची. बी विंगमधल्या वहिनींचे चिरंजीव… तेच हो, जिमवाले. हल्ली त्या घरात नुसत्या जिमच्या पावडरी: क्रिएटीन, व्हे प्रोटीन आणि प्री-वर्कआउट. डबे एवढाले, की वहिनींनी रिकाम्यांत तांदूळ भरून ठेवलेत.

पहिल्याच आठवड्यात भिशीला वहिनी सांगत सुटल्या, "दीड किलो वजन वाढलं, सगळं मसल!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंची सून, फिजिओथेरपिस्ट आहे ना ती, वडा खाता खाता म्हणाली, "काकू, ते पाणी हो. क्रिएटीन स्नायूंत पाणी ओढतं. आठवड्यात एवढं मसल कुणाचं वाढतं?" वहिनींचा चेहरा असा उतरला… चटणी आणते म्हणून वाटी घेऊन आत गेल्या, आणि वाटी भरलेलीच होती!

तर काय सांगत होते… हां. क्रिएटीन थोतांड नाही, सूनही तेच म्हणते. रोज 3 ते 5 ग्रॅम, स्नायूंत पुरेसं साठायला तीन-चार आठवडे. मासे-मटणातून ते पोटात जातंच, म्हणून आपल्या वरणभातवाल्यांना फरक जास्त जाणवतो. त्याचा तो मालवणी मित्र म्हणे, "मला काहीच वाटलं नाही." रोज बांगडा खाणार, मग काय वाटणार!

पण सुनेने विचारलं, "सुरू कधी केलंस?" तर पठ्ठ्याने पावडर, नवा ट्रेनर, पाव किलो पनीर आणि वेळेवर झोपणं, सगळं एकाच सोमवारी चालू केलेलं! आता श्रेय द्यायचं कुणाला? "आधी किती किलो, किती वेळा उचलायचास, लिहून ठेवलंयस?" कसलं लिहितोय! फोटो आहेत म्हणे. आधीचे घरातल्या ट्यूबलाइटमधले, नंतरचे जिमच्या दिव्याखाली पोट आत ओढून.

खरी गंमत तर पुढेच. प्री-वर्कआउट प्यालं की चेहऱ्याला, हातांना मुंग्या येतात, म्हणजे काम सुरू झालं, असं ह्याचं म्हणणं. सून म्हणाली, "ते बीटा-ॲलनीन, त्याने मुंग्या येतातच, ताकदीशी संबंध नाही. तरतरी येते ती कॅफीनची." हा कसला ऐकतोय! मग धाकट्या बहिणीने, महाडांबिस कार्टी, त्या डब्यात गुपचूप लिंबू सरबताची पावडर भरली. आठवडाभर हे महाराज पिऊन जायचे आणि येऊन सांगायचे, "आई, आज काय मुंग्या आल्या! पाच किलो जास्त उचललं!"

रविवारी जेवताना तिला हसू आवरेना आणि फुटलं सगळं. वहिनींना ठसका, त्यांचे यजमान खाली मान घालून हसतायत, आणि हा ताटावरून तडक उठला. पाच किलो मात्र खरंच उचलले होते हं, ट्रेनर साक्षीला आहे!

त्यात त्याच्या रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन वाढलेलं, वहिनींना किडनीचा धसका. सून म्हणाली, "क्रिएटीन घेतोय हे डॉक्टरांना आधी सांगा, त्यानेही आकडा वर दिसतो." मूत्रपिंडाचं काही आहे का ते डॉक्टर बघतीलच म्हणा… पण तोवर वहिनींनी गणपतीला नवससुद्धा बोलून टाकला!

आता काही आठवडे क्रिएटीन बंद, बाकी सगळं तसंच, आणि रोज वहीत नोंद, असं ठरलंय. काल पाहिली मी वही. वर 'बेंच प्रेस, 40 किलो' आणि खाली वहिनींच्या अक्षरात दुधाचा हिशेब.