वाटेत एडन लागत नाही

१९३१ च्या ऑगस्टअखेर गांधीजी गोलमेज परिषदेसाठी ‘राजपुताना’ बोटीने मुंबईहून निघाले. बोटीवर त्यांनी बरोबरच्या मंडळींचं सामान पाहिलं आणि अशी खरडपट्टी काढली, की जास्तीच्या सुटकेसा एडन बंदरातून मुंबईला परत रवाना झाल्या. पंचा नेसून इंग्लंडच्या थंडीकडे निघालेल्या माणसाला तो अधिकार होता. आमच्या घरात तो कोणालाच नाही. शिवाय आमची क्रूझ मुंबई-गोवा, वाटेत एडन लागत नाही. त्यामुळे नऊ माणसं आणि २६ नग हा हिशेब शेवटपर्यंत तसाच राहिला.

सहलीचे सूत्रधार आमचे मोठे दीर, प्रमोद भाऊजी. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या माणसांना खातेदार समजतात. त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला आणि क्रमांक घालून सूचना द्यायला सुरुवात केली. सूचना क्रमांक ७ अशी होती : बोटीवर खाद्यपदार्थ, मद्य, इस्त्री, विजेची किटली व एक्स्टेन्शन बोर्ड नेण्यास सक्त मनाई. या सूचनेखाली सगळ्यांनी अंगठे उमटवले आणि त्याच संध्याकाळी तीन घरांत चकलीची भाजणी आली. चिवडा हा काही खाद्यपदार्थ नव्हे, ती प्रवासाची तयारी, असं माझ्या जाऊबाईंचं, वृंदावहिनींचं म्हणणं. दशम्या बोटीत चढेपर्यंत संपतीलच. लाडू मुलांसाठी, आणि मुलांचं कोण तपासतं? मेतकूट तर औषधात मोडतं.

माई आत्या मात्र कोणाचीच सूचना वाचत नाहीत. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ या बोटी मुंबई-पणजी धावायच्या त्या काळात त्यांचं सासर मालवणात, माहेर गिरगावात. घरात बोटीचा अनुभव असलेल्या त्या एकट्याच, आणि हे त्यांनी टॅक्सीत बसताक्षणी सिद्ध केलं. भाऊजींनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, बॅलार्ड पियर. पहिली टॅक्सी तिकडे गेली. दुसऱ्या टॅक्सीत पुढच्या सीटवर आत्या होत्या. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, “बोट भाऊच्या धक्क्यावरून सुटते. बापजन्मात कधी दुसरीकडून सुटली नाही.”

त्यामुळे मी, आत्या, माझी मुलगी तनया आणि अकरा नग भाऊच्या धक्क्यावर उतरलो. तिथे मासळीचा वास होता, रेवसची लाँच होती, मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी रो-रो होती. आत्यांचा चेहरा फुलला. आम्ही टॅक्सीवाल्याला थांबवेपर्यंत त्या मोऱ्याच्या लाँचच्या रांगेत उभ्या राहून पुढच्या माणसाला “मालवणाक किती वाजता लागता?” असं विचारत होत्या. तो उरणला मावशीकडे निघाला होता. तो म्हणाला, “आजी, ही तर पाऊण तासात मोऱ्याला लागते.” आत्यांना बोटींची ही प्रगती फार आवडली.

बॅलार्ड पियरवर एके काळी विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरून समोर उभ्या असलेल्या फ्रंटियर मेलमध्ये बसायचा आणि थेट पेशावरकडे निघायचा. आता तिथे सामानाची पट्टी आहे, क्ष-किरण यंत्र आहे आणि यंत्राच्या पलीकडे अत्यंत दुःखी चेहऱ्याचा एक सुरक्षा रक्षक आहे. दिवसभर लोकांचे डबे आतून पाहिल्यावर कोणाचाही चेहरा तसाच होईल. आमचे लाडू त्याला पडद्यावर ओळीने दिसले. त्याने काही विचारलं नाही, नुसता डबा बाजूला घेतला. चकल्यांचंही तेच झालं. वृंदावहिनींच्या पर्समधलं मेतकूट त्याने बराच वेळ पाहिलं, हुंगलं आणि घाईघाईने परत दिलं.

मग आत्यांच्या पिशवीतून बाटली निघाली. कोकणात आमसुलाचं आगळ कोणी औषधाच्या बाटलीत भरत नाही. त्यासाठी घरातली सर्वांत भक्कम, घट्ट बुचाची बाटली लागते, आणि अशी बाटली कुठल्या दुकानातून येते ते कोकणात पोरासोरांना ठाऊक असतं. बाटलीवरच्या लेबलवर व्हिस्कीचं नाव होतं, आत काळपट लाल द्रव. रक्षकाने विचारलं, “माँजी, ये क्या है?” आत्या म्हणाल्या, “पीके देखो.” रांगेत आमच्या मागे उभ्या असलेल्या गुजराती कुटुंबाने आपली मुलं जवळ ओढली.

वरिष्ठांना बोलावणं गेलं. वरिष्ठ आले ते देवगडचे निघाले. त्यांनी बूच उघडलं, डोळे मिटले आणि सरकारी आवाजात विचारलं, “मीठ घातलेलं आहे की बिनमिठाचं?” आगळाची शुद्धता दोघांनी मिळून ठरवली. तरीही नियम तो नियम. बाटली जप्त झाली, पावती मिळाली. पावतीवर लिहिलं होतं : ‘लिक्विड, रेड, वन’.

पुढे एका कापडी पडद्यावर निळा समुद्र आणि नारळाची झाडं रंगवलेली होती. त्याच्यासमोर उभं करून प्रत्येक कुटुंबाचा फोटो काढत होते. खरा समुद्र भिंतीपलीकडे, पन्नास पावलांवर. फोटोग्राफर आत्यांना म्हणाला, “आजी, जरा क्रूझसारखं हसा.” तो फोटो संध्याकाळी विकायला लागला तेव्हा त्याच्या किमतीत अलिबागला जाऊन चौघांनी जेवून येता आलं असतं. त्यात आमचे आठ जण क्रूझसारखे हसताहेत आणि आत्या पावती वाचताहेत.

जहाजात शिरलो ते एका हॉटेलातच. गालिचा, झुंबर, काचेची लिफ्ट, पियानो. आत्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बोट खंय आसा?” आपण बोटीतच उभ्या आहोत हे त्यांना पटायला वेळ लागला, कारण पायाखाली काहीही हलत नव्हतं. भाऊजींनी स्टॅबिलायझर समजावून सांगितले : पाण्याखाली जहाजाच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी पाती असतात, ती डोलणं कमी करतात. आत्यांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे पैसे बोटीचे घ्यायचे आणि बोट लागू द्यायची नाही.”

आमची केबिन आतल्या बाजूची, म्हणजे सर्वांत स्वस्त. तिला सुंदर पडदा होता. तनयाने उत्साहाने सरकवला. मागे आरसा. “आई, समुद्रात आपण दिसतोय,” ती म्हणाली. छताला टेकलेला पलंग खाली ओढला की वरची बर्थ तयार होते, आणि न्हाणीघरात साबण खाली पडला तर तो उचलण्यासाठी आधी दार उघडावं लागतं. बाकी काही तक्रार नाही. सामान आलेलं नव्हतं. ते परस्पर केबिनच्या दाराशी पोचतं, मात्र संध्याकाळपर्यंत कधीतरी. पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा ही सूचना क्रमांक १२ होती. मुलांनी तलावाच्या काठी जीन्स घालून बसून ती मोठ्याने वाचली.

दुपारचं जेवण हा आपला प्रांत. भाड्यात जेवण धरलेलं आहे हे कळल्यावर मराठी माणसाच्या चालण्यात एक निराळाच निश्चय येतो. माझे यजमान ताट घेऊन आधी सगळ्या टेबलांची पाहणी करून आले, काहीही न घेता. “महाग काय आहे ते आधी बघून घ्यावं,” म्हणाले. जैन काउंटर होतं, चायनीज होतं, पनीर तीन रंगांत होतं. आत्यांनी मासे मागितले. “समुद्रात बसान पनीर खातत?” हा त्यांचा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. वाढप्याने मोठ्या अदबीने माशाचा तुकडा वाढला : पांढरा, गुळगुळीत, बिनकाट्याचा, बिनवासाचा. आत्यांनी जिभेवर ठेवला आणि विचारलं, हा कुठला? तो म्हणाला, बासा. भाऊजींकडे हीही माहिती होती. बासा हा व्हिएतनामकडच्या नद्यांमधला मासा, गोठवून येतो. म्हणजे अरबी समुद्रात तरंगत आम्ही परदेशी नदीतला मासा खात होतो, आणि आमच्याखाली बांगडे फिरत होते. आत्या पुढचं सगळं जेवण बोलल्या नाहीत.

त्या शांततेचा फायदा घेऊन भाऊजींनी कोस्टा कॉन्कॉर्डियाची गोष्ट सुरू केली. १३ जानेवारी २०१२, इटलीचं जिलियो बेट, खडकावर आपटून कलंडलेलं अवाढव्य जहाज. त्या दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची बचावाची तालीम झालेलीच नव्हती, म्हणून मग आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि २०१५ पासून ही तालीम निघण्यापूर्वी किंवा निघाल्याबरोबर घ्यावी लागते. हे सांगताना त्यांनी पापडाचं जहाज वाटीच्या कडेला टेकवून कलतं करून दाखवलं. वृंदावहिनींनी गुलाबजामची वाटी दूर सारली. इतकी वर्षं संसार झाला तरी बायकोपुढे कधी काय बोलावं हे भाऊजींना समजलेलं नाही. त्यांचा दोष मी धरत नाही. गोष्ट हातात आली की ती सांगितल्याशिवाय निवृत्त माणसाला अन्न पचत नाही.

तालमीचा भोंगा वाजला : सात आखूड, एक लांब. सगळे आपापल्या ठरलेल्या ठिकाणी जमले. नारिंगी जॅकेटं घालून दाखवण्यात आली. एका काकूंनी विचारलं, यात दुसरा रंग मिळेल का? पट्टा साडीच्या निऱ्यांवरून घ्यायचा की खालून, यावर बायकांत मतभेद झाले. प्रशिक्षण देणाऱ्या फिलिपिनो तरुणाला निऱ्या ही अडचण कुठल्याच बंदरात आलेली नसावी. आत्यांनी त्याला बाजूला केलं आणि पदर खोचून, पट्टा कमरेवरून आवळून प्रात्यक्षिक दिलं. टाळ्या पडल्या. तो तरुणही टाळ्या वाजवत होता.

जहाज सुटलं ते आमच्यापैकी फक्त आत्यांनी पाहिलं. बाकीचे भजी आणि चहा सुरू झाल्याची घोषणा ऐकून पाचव्या डेककडे धावले होते, आणि भजी खरोखर चांगली होती. वर आलो तोवर टगबोटी सोडून गेल्या होत्या, गेटवे आणि ताज मागे सरकत होते. कठड्याशी माझ्या यजमानांना एकदम इतिहास आला. अंधारायच्या बेताला डावीकडे खांदेरीचा दिवा लागला, तेव्हा त्यांनी मुलांना जवळ घेतलं. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईकर इंग्रजांच्या नाकावर टिच्चून या बेटावर तटबंदी सुरू केली. इंग्रजांची मोठी जहाजं अडवायला उभी, आणि आपल्या लहान होड्या त्यांना चुकवून थळच्या बाजूने सामान पोचवत राहिल्या.

“सामान?” प्रमोद भाऊजींचा ओजस म्हणाला. “त्यांचं तरी पोचलं.”

आमचं पोचायला आठ वाजले. तोपर्यंत मोबाइलची रेघ एकेक करत गेली होती आणि वाय-फायचा दर ऐकून सर्व तरुण मंडळी शोकसभेला बसली होती. पंचवीस नग आले. न आलेला एक नग भाऊजींचा होता. त्यांनी स्वतः लॅमिनेट केलेल्या पट्टीचा, दोन कुलपांचा. थोड्याच वेळात ध्वनिक्षेपकावरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. सुरक्षा कक्षात यावे.

मी सोबत गेले, कारण वृंदावहिनी एकाएकी थकल्या होत्या. कक्षाबाहेर रांग होती. ठाण्याचे एक दांपत्य, त्यांची किटली. पुण्याचे एक गृहस्थ, त्यांचा सहा तोंडांचा एक्स्टेन्शन बोर्ड. ते अधिकाऱ्याशी बोर्डाच्या गुणवत्तेवर बोलत होते. डोंबिवलीच्या एका आजींची नारळाची खवणी टेबलावर शस्त्रासारखी ठेवलेली. भाऊजींची सुटकेस उघडली. शर्टांच्या घडीखाली इस्त्री.

“ही माझी नाही,” भाऊजी म्हणाले.

अधिकाऱ्याने इस्त्रीच्या दांड्यावरची चिकटपट्टी दाखवली. तिच्यावर भाऊजींच्या सुवाच्य अक्षरात त्यांचं नाव, फोन नंबर आणि खरेदीची तारीख होती. घरातल्या प्रत्येक वस्तूवर ते अशी पट्टी लावतात. ठाण्याचे काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पहिल्यांदा?”

केबिनमध्ये परतलो तर आत्या नव्हत्या. स्वागतकक्षात विचारलं. तिथला मुलगा गोव्याचा. तो म्हणाला, आजींनी सतरंजी मागितली. डेकवर झोपायचं म्हणत होत्या. परवानगी नाही असं मी सांगितलं, तर त्यांनी विचारलं, मग ‘कोकण सेवक’वर कशी होती? त्याच्याकडे याचं उत्तर नव्हतं, म्हणून त्याने दोन ब्लँकेटं दिली.

वर गार वारा सुटला होता. तलावाच्या बाजूने आडव्या आरामखुर्च्यांची रांग होती, आणि तिथल्या नऊ खुर्च्यांवर ओळीने एकेक वस्तू ठेवलेली होती : शाल, टॉवेल, माझी ओढणी, ओजसची टोपी, आवळासुपारीची डबी. पहिलीवर आत्या पाय पसरून बसल्या होत्या. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, देवगड अशा एकामागून एक बंदरांत पडाव लागायचे, ट्रंका उतरायच्या, माणसं चढायची, आणि भाऊच्या धक्क्यावर ज्याने सतरंजी पसरली त्याचीच जागा, हा कायदा त्यांना तोंडपाठ होता. समोर हाफ पँट घातलेले एक आडदांड गृहस्थ हातात शीतपेय घेऊन गोंधळून उभे होते. त्यांना बसायचं होतं.

“आता जागा नाय,” आत्या त्यांना समजावून सांगत होत्या. “रत्नागिरी येवंदे. थंय दोघां उतरतली, मगे बसा.”