बोजा
पेण तालुक्यातल्या गडबच्या शेतकऱ्याने सोसायटीचे पीककर्ज उचलले की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा चढतोच. कर्ज फिटते, बोजा मात्र तिथेच मुक्कामाला. उतरवायला सोसायटीचा दाखला, तलाठ्याकडे अर्ज आणि चकरा. (तलाठी जागेवर असला तर.)

शेजारच्या डोलवीत इस्पात या पोलाद कारखान्यावर हजारो कोटींचे कर्ज होते. त्याला थकबाकी म्हणणे असभ्यपणाचे, म्हणून ‘पुनर्रचना’ झाली. 2010च्या अखेरीस कारखाना जिंदालांकडे गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले. तिथे निघाली बोगस कर्जखाती. कर्जदारच खोटा, तर बोजा चढवायचा कोणाच्या सातबाऱ्यावर? तो ठेवीदारांवर चढला. ना तलाठी लागला, ना फेरफार.