टायरपंत

टायरपंतांना स्वतःच्या शर्टाचे माप ठाऊक नाही; ते वहिनींना ठाऊक असते. चपलेचा नंबर विचारलात तर पायातली चप्पल काढून, उलटी करून बघतात. मुलगा कितवीत आहे हे सांगताना एखाद्या इयत्तेची चूकभूल ते गृहीतच धरतात. पण त्यांच्यासमोर नुसते 'एकशे पंच्याऐंशी' म्हणा. 'पंचावन्न, आर पंधरा', हे उरलेले त्यांच्या तोंडून आरतीच्या पुढच्या ओळीसारखे आपोआप येते. टायरच्या कडेला उमटवलेले हे आकडे तुम्ही-आम्ही गाडी विकत घेतानाही वाचत नाही. पंत ते पत्रिकेसारखे वाचतात. टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आत रिम १५ इंची. बाकी ग्रहदशा हवेच्या दाबावर.

पंत राहतात अमेरिकेत, मिशिगनमध्ये. तिथे मोटारींच्या धंद्यात पोट भरणारे मराठी इंजिनियर पुष्कळ, त्यांतलेच हे एक. आठवड्याचे पाच दिवस ते गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या करतात आणि उरलेले दोन दिवस ऑटोक्रॉस.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे मला पंतांनी पहिल्या भेटीत सांगितले, दुसऱ्या भेटीत सांगितले आणि अजूनही सांगतात. एखादा मोठा वाहनतळ किंवा वापरात नसलेली धावपट्टी घ्यायची. त्यावर नारिंगी कोन मांडून नागमोडी वाट आखायची. एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळ लावायचे. एक फेरी जेमतेम मिनिटाची आणि दिवसभरात अशा चार-पाच. म्हणजे पहाटे पाचला उठून, दीड तास प्रवास करून, दिवसभर उन्हात करपून माणूस प्रत्यक्ष गाडी पळवतो ती पाच मिनिटे. उरलेल्या वेळात तो इतरांनी पाडलेले कोन उचलून जागेवर ठेवतो. ही सेवा प्रत्येक स्पर्धकाला करावीच लागते. एक कोन पाडला की वेळेत २ सेकंदांची भर, वाट चुकली की फेरी बाद. पंतांचा कोन हमखास पडतो. त्यांची फेरी झाली की उचलणारे आधीच पळायला लागतात.

त्यांची गाडी टोयोटाची एमआर-२ स्पायडर. दोघांपुरती, उघड्या टपाची, वजनाला जवळपास एक टन. इंजिन सीटांच्या पाठीमागे. पुढचे झाकण उघडावे तर तिथे जादा टायर आडवा झोपलेला. वहिनींनी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा सगळीकडून फिरून एकच प्रश्न विचारला, "भाजी कुठे ठेवायची?" "मांडीवर," पंत म्हणाले. त्या दिवसापासून वहिनी भाजीला स्वतःची गाडी नेतात आणि त्या गाडीच्या टायरचे माप काय, हे पंतांनी कधी विचारलेले नाही.

आता या एमआर-२ ला सुरुवातीच्या मॉडेलांत कंपनीने मागे २०५ चे टायर दिले आणि पुढे १८५ चे. त्यामागे विचार आहे. इंजिन मधोमध असलेल्या गाडीत वळणावर घाबरून पाय उचलला की मागचा भाग गर्रकन पुढे येऊ पाहतो. सामान्य मालकाचे तसे होऊ नये म्हणून पुढच्या टायरांना पकड बेताची ठेवलेली असते. मग गाडी गरगरत नाही, पण वळायलाही कुरकुरते. याला अंडरस्टीअर म्हणतात. म्हणजे आपण स्टीअरिंग फिरवावे आणि गाडीने 'अर्ज ठेवून जा, बघतो' म्हणावे. कोनांच्या दाटीत असे उत्तर मिळाले की पंतांचे रक्त उकळते. आपण सामान्य मालक नाही, हे त्यांना कंपनीला दाखवून द्यायचे आहे. त्यासाठी पुढे कोणते टायर घालावेत, हा प्रश्न त्यांना सहा वर्षे पुरला आहे.

अमेरिकेतल्या एससीसीए या संस्थेच्या नियमांप्रमाणे पंतांच्या वर्गात रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते. पुढे ती ६ इंच. टायर मात्र रस्त्यावर चालणारा, ट्रेडवेअर म्हणजे झिजेचा आकडा किमान २०० चा, आणि गाडीचा पत्रा न कापता मावेल तेवढा रुंद चालतो. या एका सवलतीतून पंथ निघाले आहेत. १८५ वाले सनातनी : कंपनीने दिले ते शहाणपणाने दिले. १९५ वाले मध्यममार्गी. २०५ वाले समतावादी : पुढे जे, तेच मागे. आणि कोपऱ्यात उभे असतात ते २२५ वाले हठयोगी. इतका रुंद टायर ६ इंची रिमवर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि तो लग्नातल्या उसन्या कोटातल्या मामासारखा दिसतो. "दिसू दे," ते म्हणतात, "पण धरतो." चारही पंथांचे लोक एकाच तंबूखाली एकाच खोक्यातले डोनट खातात, पण मनाने एकमेकांच्या हातचे पाणी पीत नाहीत.

पंत कोणत्या पंथाचे? सोमवारी १९५ चे, गुरुवारपर्यंत २०५ चे. अडचण अशी की प्रत्येक मापाच्या मागे एक शेपूट असते. १९५/५० घ्यावा तर रुंदी वाढते, पण टायरचा व्यास ५८४.५ वरून ५७६ मिलिमीटरवर येतो, म्हणजे गाडीचे नाक सव्वाचार मिलिमीटर खाली बसते. "बसू दे की," मी एकदा म्हणालो. पंतांनी माझ्याकडे असे पाहिले की मी जणू म्हणालो होतो, घराचा पाया थोडा कलला तर कलू दे. २०५/५० घ्यावा तर व्यास ५८६, जवळपास मूळचाच. पण आता पुढची पकड वाढली, तर मागचे २०५ पुरतील का? ते वाढवावेत तर पुन्हा पुढचे कमी पडतील. पुढच्याने मागच्याला मागे टाकायचे आणि मागच्याने पुढच्याला, अशी ही फुगडी आहे. शिवाय रुंद टायर जड असतो आणि टनभर वजनाच्या गाडीखाली मिनिटभरात नीट तापतही नाही. गार रबर म्हणजे शिळी भाकरी, असे पंतांचे वचन आहे.

हे सारे ते जेवताना समजावून सांगतात. एकदा वहिनींनी गरम पोळी वाढली तर पंतांनी तिची घडी घालून ताटात उभी ठेवली. "हा अरुंद टायर. जमिनीला टेकणारा तुकडा लांबट. आता बघ," असे म्हणून त्यांनी ती आडवी फिरवली, "हा रुंद. गाडीचे वजन तेच, हवेचा दाब तोच, म्हणून क्षेत्रफळही साधारण तेवढेच. फक्त आकार बदलला! वळताना हा आडवा आकार जास्त कामाचा." मी म्हणालो, "मग क्षेत्रफळ वाढवायला काय करायचे?" पंत चमकले. "हवा कमी." वहिनी म्हणाल्या, "तूप कमी पडलंय का?" आणि चर्चा निर्णयाविना संपली.

पंतांकडे मुक्कामाला गेलात तर पाहुण्यांच्या खोलीत पलंगाशेजारी एक गोल मेज दिसेल. त्यावर स्वच्छ चादर, चादरीवर दिवा. चादर उचलू नका. खाली टायरांची चवड आहे. असे चिकट रबर मिशिगनच्या शून्याखालच्या थंडीत ठेवले तर त्याला तडे जाऊ शकतात, म्हणून टायर उबेला घरात आणि वहिनींची गाडी बाहेर बर्फात. प्रत्येक टायरवर पांढऱ्या खडूने 'पु.डा.', 'पु.उ.' असे लिहिलेले असते : पुढचा डावा, पुढचा उजवा. मी त्या खोलीत तीन रात्री झोपलो. स्वप्नात मला कुणीतरी सारखी हवा भरत होते.

स्पर्धेच्या सकाळी पंत ओळखू येत नाहीत. गाडीला मागे एक चिमुकली दोनचाकी ट्रेलर जोडलेली असते आणि तिच्यात स्पर्धेचे टायर. गाईमागे वासरू यावे तसे ते ध्यान मैदानात शिरते. मग टायर बदलणे. मग टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारणे : फेरीनंतर रेघ कुठवर पुसली गेली त्यावरून टायर किती लवंडला ते कळते आणि हवा ठरते. मग सुईचा तापमापक घेऊन रबराचा ताप आत, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी बघणे. इतकी नाडीपरीक्षा मी वैद्याकडेही पाहिलेली नाही. ऊन चढले की पंत पंपाने टायरांवर पाण्याची फवारणी करतात. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला नाशिककडची द्राक्षबागच आठवली. एवढे झाल्यावर पंत गाडीत बसतात, एक मिनिट गाडी चालवतात, एक कोन पाडतात आणि उतरल्या उतरल्या म्हणतात, "पुढे दहा मिलिमीटर कमी पडतायत."

एससीसीएची राष्ट्रीय स्पर्धा सप्टेंबरात नेब्रास्कातल्या लिंकन गावी असते. हजारावर गाड्या, दोन दिवस, दोन वेगळ्या वाटा. मिशिगनहून जायला बारा-एक तास. गणपतीही साधारण त्याच सुमारास येतात. पंतांकडे पूर्वी पाच दिवसांचा गणपती असे. आता दीड दिवसाचा असतो. "प्रथा बदलल्या की लगेच नावं ठेवू नयेत, भावजी," वहिनी म्हणाल्या, "मखराला मागून आधार हवा होता, तेवढा मात्र टायरांनी दिला."

गेल्या उन्हाळ्यात मी पंतांबरोबर मैदानावर गेलो होतो. तिथे एक बुटके, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ भेटले. आयुष्यभर टपाल वाटून निवृत्त झालेले. त्यांची गाडी सकाळीच बिघडली म्हणून पंतांनी आपली देऊ केली. एका गाडीवर दोघांनी धावायची पद्धत आहे, आणि पंत मनाने उदार आहेत. नवे १९५ मागवायचे की २०५, हे ठरत नसल्याने गाडीला त्या दिवशी जुने, घासून गोटा व्हायला आलेले १८५ च होते.

पंतांची सर्वांत चांगली वेळ ५१.९ सेकंद. म्हाताऱ्याने खडू मारला नाही की हवा पाहिली नाही. सीट पुढे ओढली, आरसा जरासा फिरवला आणि गेला. ४८.७. कोन एकही नाही. पंतांनी अधीर होऊन विचारले, "पुढचे टायर कसे वाटले?" म्हातारा खाली वाकून टायरांकडे पहिल्यांदाच बघत म्हणाला, "काळे आहेत, बरे आहेत. मी आपला पुढच्याच्याही पुढच्या कोनाकडे बघतो. जिथे बघावं तिथे गाडी जाते."

परतीच्या वाटेवर पंत बोलले नाहीत. उघड्या टपातून वारा येत होता, मागे वासरू खडखडत होते. सहा वर्षांचे व्रत आज सुटले, असे मला वाटले आणि खरे सांगतो, वाईट वाटले. टायरचा निर्णय लागत नव्हता तोवर पंत हरलेले नव्हते. ते फक्त दहा मिलिमीटर कमी पडत होते. हा टपालवाला त्यांच्या हातात भलतेच पत्र देऊन गेला होता.

घर जवळ आले. सिग्नल लाल झाला आणि पंतांच्या डोळ्यांत दिवा लागला.

"तो बुटका आहे," ते म्हणाले.

"हो."

"सीट चार इंच पुढे घेतली होती त्याने. म्हणजे वजन पुढे सरकलं. पुढच्या टायरांवर भार आला, म्हणून पकड आली!" त्यांनी स्टीअरिंगवर थाप मारली. "मला सीट पुढे घेता येत नाही, गुडघे लागतात. म्हणजे पकड टायरातूनच काढायला हवी. दोनशे पाच! शंकाच नको."

दारात वहिनी उभ्या होत्या. पंतांच्या जुन्या चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून त्यांनी मापाची नवी आणून ठेवली होती. पंतांनी पाय घातला, दोन पावले चालले, वळले, थांबले आणि खाली बघून म्हणाले,

"मागे ठीक आहे. पुढे जरा रुंद मिळेल का?"