कंटेनराबाहेर वेल्ड चालवण्याची शास्त्रोक्त पद्धत (परभणी जिल्ह्यापुरती)

हे मार्गदर्शन पुण्यात जावाची नोकरी करणाऱ्या आणि सणाला गावी येताच मामांच्या तावडीत सापडलेल्या भाच्यांसाठी आहे. मामांची आडत मानवतला असो, सेलूला असो की जिंतूरला, वाक्य एकच असते: "कम्प्युटरमधला हायस ना तू? मग आपल्या पट्ट्या छापायचं कायतरी करून दे की." भाच्याला ऑफिसात फक्त मोठ्या सर्व्हरवर काम करायची सवय. मामांकडे जुना लॅपटॉप, त्याहून जुना प्रिंटर आणि लाइटीचा भरवसा नाही. अशा वेळी कर्त्याने डगमगू नये. पुढील विधी करावा.

आधी थोडे शास्त्र. एखाद्या क्लासला जे जे लागते ते त्याने स्वतः शोधत न फिरता बाहेरून कोणीतरी आणून द्यावे, याला डिपेंडन्सी इंजेक्शन म्हणतात. हे नाव मार्टिन फाउलर यांच्या 2004 सालच्या लेखाने रूढ झाले. ऑफिसात हे आणून देण्याचे काम ॲप्लिकेशन सर्व्हरचा कंटेनर करतो. तो म्हणजे मंगल कार्यालय: आचारी, खुर्च्या, जनरेटर सगळे भाड्यात. आपण 'इन्जेक्ट' एवढी खूण लिहायची आणि नवरदेवासारखे उभे राहायचे. वेल्ड हे याच कामाच्या सीडीआय नावाच्या नियमावलीचे चालते रूप. ही नियमावली 2009 मध्ये जावा ईई 6 बरोबर आली, म्हणजे मुळात कार्यालयातल्या लग्नांसाठीच. साध्या जावात, दारातल्या मांडवात, ती कशी सुरू करायची याला अधिकृत मान्यता मिळाली थेट 2017 च्या सीडीआय 2.0 मध्ये.

मुहूर्त सोपा आहे. मेन मेथडमध्ये एसई-कंटेनर-इनिशियलायझरला हाक मारावी, इनिशियलाइझ म्हणावे, हाती आलेल्या कंटेनराकडून 'पट्टीसेवा' हा क्लास मागून घ्यावा. दोन ओळींचे काम. भाच्याचा चेहरा या क्षणी उजळतो. फोटो काढायचा तर आत्ताच काढावा.

कारण यानंतर कंटेनर म्हणतो, असा क्लासच माझ्याकडे नाही. क्लास समोर दिसत असतो. मेटा-इन्फ फोल्डरात बीन्स डॉट एक्सएमएल नावाची फाइल नसेल, तर साध्या जावात वेल्ड ती जार उघडूनही बघत नाही. फाइल रिकामी असली तरी चालते, पण असावी लागते. (सरकारी कचेरीत अर्ज केलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.) पूर्वी रिकाम्या फाइलचा अर्थ 'सगळ्यांना आमंत्रण' असा होता. सीडीआय 4.0 पासून तो 'ज्यांच्या कपाळावर खूण आहे त्यांनाच' असा झाला. त्यामुळे क्लासवर ॲप्लिकेशनस्कोप्डची किंवा तशीच खूण आठवणीने लावावी.

पुढचा दोष नामांतराचा. जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे गेल्यावर जकार्ता ईई झाले आणि पॅकेजांच्या नावातले जावाएक्स जाऊन जकार्ता आले. जुन्या प्रोजेक्टातून इन्जेक्टची खूण उचलून वेल्ड 5 बरोबर लावली, तर तक्रार कोणीच करत नाही. कंपायलर खूश, वेल्ड खूश. त्या जागी मात्र नल बसलेला असतो. पहिली पट्टी छापायला घेतली की नल पॉइंटर, आणि मामा: "काय रे, निघंना की पट्टी!" आपण स्वतः 'न्यू' लिहून बनवलेल्या वस्तूचेही हेच होते. तिला कोणी काही आणून देत नाही. अर्ध्याहून अधिक रात्री याच कारणाने जातात असे आमचे मत आहे.

रिक्वेस्टस्कोप्डची खूण असलेला क्लास ऑफिसातून तसाच उचलून आणू नये. तो सुरुवातीला हसतमुख असतो, कारण वेल्ड त्याच्या जागी प्रॉक्सी उभा करते. पहिला शेतकरी काट्यावर आला आणि मेथडला हात लागला की कॉन्टेक्स्ट-नॉट-ॲक्टिव्हचा फलक झळकतो. रिक्वेस्टच नाही, तर तिचा स्कोप कुठून येणार? डेटासोर्सचा जेएनडीआय पत्ताही इथे कोणाला ठाऊक नसतो. प्रोड्यूसर मेथड लिहून डेटासोर्स आपणच पुरवावा.

खरा घात ट्रान्झॅक्शनलच्या खुणेत आहे. सर्व्हरवर तिच्यामागे ट्रान्झॅक्शन मॅनेजर उभा असतो. दारातल्या मांडवात तिच्यामागे कोणी नसते, पण खूण कोडमध्ये तशीच मिरवत राहते. एररही येत नाही. जेडीबीसीचा मूळ स्वभाव ऑटो-कमिटचा, म्हणजे प्रत्येक नोंद आली की लगेच पक्की. आता चित्र बघा: कापसाचे वजन नोंदले, हमाली-तोलाई कापून झाली, आणि शेतकऱ्याची रक्कम जमा होण्याआधी लाइट गेली. माल पोहोचला, पैसे पोहोचले नाहीत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आपल्या जिल्ह्याला उगाच चिकटवली आहे. ऑटो-कमिटला ती जास्त शोभते.

कंटेनर ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये उघडावा, म्हणजे बंद होताना प्रीडिस्ट्रॉयच्या मेथडी चालतात आणि प्रिंटरची जोडणी सुटते. लाइट गेल्यावर मात्र त्याही चालत नाहीत, म्हणून त्यांच्यावर हिशोबाचे काम सोपवू नये.

आता निकाल. प्रोग्रॅममध्ये क्लास जर दहाच्या आत असतील, आणि आडतीच्या पट्टीला त्याहून जास्त लागत नाहीत, तर वेल्ड काढून टाकावे आणि मेन मेथडमध्ये हाताने 'न्यू' लिहून एकाच्या कन्स्ट्रक्टरात दुसरा द्यावा. हेही डिपेंडन्सी इंजेक्शनच आहे, आणि चूक झाली तर कंपायलर दिवसाउजेडी सांगतो. हौसेखातर वेल्ड ठेवायचेच असेल तर ठेवा, पण ऑटो-कमिट बंद करून कमिट आणि रोलबॅक तेवढे स्वतःच्या हाताने लिहा. पैसा शेतकऱ्याचा आहे.